घटपर्णीला घातलेलं खत

प्राचीबेटा,

तुझ्या ऋत्विकचं जावळ काढलं त्या वर्षी अविनाशने दोन घटपर्ण्यांचा संकर करून आपल्या उन्हात टिकणारं हे झाड तयार केलं. बियांपासून तेच झाड येत नाही, फांदीच लावावी लागते. "बाबा, याले खत नका देऊ. माश्या खाऊन पोट भरते त्याचं," असं तो सांगायचा. मला ते रोड दिसलं, म्हणून परवा मी मूठभर लेंडीखत घातलं. आज पानांच्या टोकांचे, माश्या धरणारे सगळे पेले काळे पडले आहेत. काय करावं ते मला कळत नाही. कुंडी मोरीजवळ सावलीत ठेवली आहे.

हिवरा आश्रमचे म्हस्के सर अकराच्या सुमारास येतील. अविनाशने त्यांना दिलेलं कलम उन्हाळ्यात मेलं, म्हणून आपल्याकडची फांदी मागायला येत आहेत. म्हणजे आता हे एकच उरलं. त्यांच्या हातून वाचत असेल तर कुंडीसकट नेऊ दे.

काल फोनवर ते म्हणाले, "अविनाशला द्या की जरा." मी म्हणालो, "वावरात गेला हो, उद्या भेटन." दुसरं काही तोंडातून निघालंच नाही. म्हणून मी मोताळ्याच्या बाजारात जातो आहे. जेवायला थांबू नकोस.

तुलाही ते बोलावं लागू नये. तू मला लिहायला शिकवलंस, तर खालची ओळ त्यांना दाखव.

माझा मुलगा अविनाश मोतीराम चोपडे ४ नोव्हेंबर २०२४ला, सोमवारी सकाळी वारला.