यंदा पार्सलात लोणचं नाही

प्रिय अहो,

पार्सल उघडून आधी मला हव्या तेवढ्या शिव्या घाला, मग हे वाचा. यंदा धुरावरच्या मुळ्याचं लोणचं पाठवलेलं नाही, खारा मासाही नाही. सुकवलेली फळं आणि लोकरीचे मोजे आहेत. टोकियोच्या बांधकामावरचे तुमचे सोबती नाक मुरडतील, मुरडू देत.

भातकापणी झाल्यावर सुगावारा नर्सबाई देवळात रक्तदाब मोजायला बसल्या होत्या, आठवतं? तुमचा आकडा दोनशेच्या वर गेला आणि तुम्ही दंड थोपटलेत, "अख्ख्या आकिता प्रांतात आहे का कुणाच्या रक्तात एवढा जोर?" सगळे हसले, मीही हसले. पोरं अजून तुम्हाला 'दोनशेवाले योशिझो' म्हणतात. बाईंनी मात्र मला बाजूला घेतलं. "किसाताई, हा जोर नाही, भार आहे. तो रोज ढकलून काळीज जाड होतं, मूत्रपिंडं झिजतात, नजर जाते आणि एक दिवस डोक्यातली नस फुटते. तोवर दुखत काहीच नाही, हीच तर मेख आहे." मी म्हटलं, आमचे थोरले भावजी छपरावरचा बर्फ काढताना कोसळले, ते घराण्यातच आहे. तर म्हणाल्या, "घराण्यात आहे तसं तुमच्या खारट लोणच्याच्या बरणीतही आहे."

तेव्हापासून सारात खारट मिसो निम्माच घालते. सासूबाई रोज विचारतात, "सार आहे की भांडी विसळलेलं पाणी?" शेजारच्या हात्सुचा मुळा चहासोबत घेतला नाही, तर ती फुरंगटून बसली. बसू दे. तुम्ही तिकडे परांचीवर चढता, वर चक्कर आली तर?

आता खरं सांगते. देवळात बाईंनी रक्तदाबाचा पट्टा माझ्याकडे आणला तेव्हा मी म्हटलं होतं, "माझं कशाला, मी कुठे परांचीवर चढते?" गेल्या आठवड्यात भात वाढताना पळी हातातून पडली, ती पडलीच. उजवा हात उठत नाही. हे सगळं डाव्या हातानं, थोडं थोडं करून लिहिलंय. जिवावरचं टळलं, असं बाई म्हणतात. तोंड शाबूत आहे, तेव्हा तुमची सुटका नाही. पण अहो, धावत येऊ नका. आधी तिथल्या दवाखान्यात दाखवा, गोळ्या घ्या, मगच गाडीत बसा. आपल्या दोघांत मिळून आता एकच उजवा हात उरलाय. तो मला धडधाकट हवाय.

वाट बघणारी,
तुमचीच
किसा