दादाचं ब्लॉकेज लहान होतं

मयुरीचे बाबा,

सकाळी माहा जानरावदादा गेला. हार्ट अटॅक आला, दवाखान्यात न्यायलाही वेळ भेटला नाही. तुमी वावरात, अन् तुमचा फोन घरीच. सांगाले कोणी नव्हतं, म्हणून लिहून राह्यली. आता अकराच्या एसटीनं वरवट बकालले, दादाच्या घरी चालली.

अकोल्याले तुमा दोघांची अँजिओग्राफी एकाच दिवशी झाली होती. तुमची नस ऐंशी टक्के बंद निघाली, त्याची तीसच. तुमाले स्टेंट टाकला, तो हासत घरी गेला. डॉक्टर त्याले म्हणाले होते, "लहान ब्लॉकेजही फुटू शकतं. त्यावर रक्त गोठलं की नस मिनिटांत बंद होते. गोळ्या सोडू नका." त्यानं सोडल्या.

तुमीही सोडल्या. पाकीट महिन्यापासून तसंच पडलं आहे. मी विचारलं की तुमी म्हणता, "नस मोकळी झाली, आता गोळी काऊन?" अन् उठून जाता.

भाकर टोपल्यात आहे. गोळी ताटलीत काढून ठेवली. डॉक्टरले फोन केला होता, आजपासूनच घ्या म्हणाले. घेतली की मले फोन करा. काही बोलाले सुचलं नाही, तर नुसतं "घेतली" म्हणा.

कला