निळ्या फडक्यातील दप्तर दहा मिनिटे उघडून मिळणेबाबत

प्रति,
मा. अधीक्षक साहेब,
अभिलेख नवोपक्रम कक्ष, कोल्हापूर.

विषय : काचेच्या कपाटातील दप्तर क्र. ४१ मधून माझ्या जन्मनोंदीची नक्कल मिळणेबाबत.
संदर्भ : माझे दि. १९ जुलै, २६ जुलै व २ ऑगस्ट २००४ चे अर्ज. (उत्तर नाही.)

महोदय,

१. मी आपल्या अभिलेखागारात एकवीस वर्षे शिपाई आहे. गावागणिक दप्तराला वेगळ्या रंगाचे फडके बांधायची पद्धत मी काढली. फडकी म्हणजे इचलकरंजीच्या मागावरचे उरलेले तुकडे. पूर्वी एका नकलेला आठ दिवस लागत, नंतर चहा येईपर्यंत कागद हातात येई.

२. गेल्या वर्षी या पद्धतीस पारितोषिक मिळाले व ते आपण स्वीकारलेत. फोटोत दप्तर मी धरले आहे, माझा हात तेवढा आला आहे. त्याबद्दल तक्रार नाही.

३. त्यानंतर बदल व्यवस्थापन समिती आली. निळा कोणाचा, हिरवा कोणाचा, भगवा कोणाचा, याचा लेखी खुलासा तिने मागविला. मागावर मिळाले ते रंग, असे मी कळविले. समितीने पद्धत उत्कृष्ट ठरवली आणि सगळी फडकी पांढरी करण्याचा आदेश काढला! आता अकराशे दप्तरे एकसारखी दिसतात. मूळ पद्धत पाहुण्यांना दाखविण्यापुरते एकच निळे दप्तर दारातल्या काचेच्या कपाटात सील करून ठेवले आहे. ते माझ्या गावाचे आहे.

४. माझी मुलगी संघप्रिया हिचा मेडिकलला नंबर लागला आहे. जात पडताळणीसाठी माझी सन १९४८ ची जन्मनोंद १४ ऑगस्टपर्यंत हवी. ती त्याच दप्तरात आहे. कपाट उघडणे म्हणजे मान्य नवोपक्रमात बदल, त्यास समितीची मंजुरी लागते आणि बैठक सप्टेंबरात, असे मला तोंडी सांगितले. "अभिलेख आढळून येत नाही" असा दाखला घेऊन गप्प बसा, असेही सुचविले. साहेब, आढळतोय की! त्या काचेवरची धूळ रोज सकाळी मीच पुसतो.

५. काल मुलगी कपाटापुढे येऊन उभी राहिली. जयसिंगपूरचे पाहुणे आले होते. आपण त्यांच्याबरोबर तिलाही माझी पद्धत समजावून दिलीत. ती हात जोडून ऐकत होती. मला लाज वाटली आणि संतापही आला. घरी आल्यावर तिची आई एवढंच म्हणाली, "गाठ तुमीच मारलीसा, आन् तुमालाच सोडता येईना व्हय?"

६. तरी सील तोडल्याचा ठपका माझ्यावर ठेवावा, वेतनवाढ रोखावी, पण कपाट उघडावे.

अजून तीन दिवस हाती असलेला,
आपला नम्र,
भाऊसो सिद्राम शिंगे
दि. ११ ऑगस्ट २००४

सोबत : १. प्रवेशपत्राची प्रत. २. सील पूर्ववत लावून देण्याचे हमीपत्र.

अधीक्षकांचा शेरा : अक्षर सुवाच्य आहे. नवोपक्रमाच्या मूळ कर्मचाऱ्याचे हस्ताक्षर म्हणून हा अर्ज दप्तराशेजारी पाहुण्यांना दिसेल असा लावावा. त्यापुरते कपाट उघडण्यास मंजुरी. दप्तरास हात लावू नये. दि. १७ ऑगस्ट.