दाणा तुझ्या वाट्याला आला

मंगळवार, १० जानेवारी

चि. अपोलिन,

तुला पोटभर आशीर्वाद. तिकडे क्वेबेकमध्ये थंडी हाडं गोठवणारी असेल. आजीने विणलेले मोजे घालत जा, मैत्रिणी हसल्या तरी.

एरवी इथेच मी 'आम्ही दोघं मजेत' असं लिहून टाकतो. आज ते वाक्य राहू दे, पुढे बघू.

कोंबड्या अंडी द्यायला कुरकुरतात. चर्चच्या घंटेला नवा दोर बांधला, तो हाताला टोचतो. फादर आता महिन्यातून एकदाच आपल्या गावात येतात; उरलेल्या रविवारी आम्ही पाच-सहा म्हातारी-अर्धम्हातारी आमच्या आम्हीच प्रार्थना म्हणतो. मला ते आवडतं. बर्फ अजून पडलेलं नाही.

गुरुवारी सेंत-एत्येन शहरात गेलो होतो. थोडं काम होतं. तुझ्या आईला दुपारभर एका ठिकाणी बसून राहायचं होतं आणि मला तिने हाकलून दिलं. म्हणाली, "रेजिस, समोर बसून असं सुतकी तोंड करू नकोस. जा, जरा माणसं बघून ये."

फिरता फिरता त्या चॉकलेटच्या दुकानापाशी आलो. लहानपणी तू त्याच्या काचेला नाक लावून उभी राहायचीस. इतक्या वर्षांत आपण कधी आत गेलो नाही. माझ्या बुटांना चुना लागलेला, भिंतीच्या कामावरचा. दारातूनच वळणार, तेवढ्यात दुकानातल्या बाई म्हणाल्या, "या हो साहेब आत. आमचं चॉकलेट बुटांना घाबरत नाही."

कुणासाठी हवंय, त्यांनी विचारलं. बायकोसाठी, म्हटलं.

"काय आवडतं त्यांना?"

मी म्हणालो, "सध्या काहीच नाही. पाव तोंडात घातला तरी लोखंड चावल्यासारखं लागतं म्हणते."

काय झालंय, हे बाईंनी विचारलं नाही. अशी माणसं देव मुद्दाम वाटेत उभी करतो, असं मला वाटतं. मागच्या खोलीत बिया भाजायचं यंत्र घरघरत होतं. तिथून त्यांनी कोकोचा एक डबा आणला आणि झाकण काढून माझ्या नाकाखाली धरला. ओल्या मातीचा, धुराचा, जुन्या लाकडाचा वास. "गोडाच्या नादी लागू नका," त्या म्हणाल्या. "हा कडू आहे. कडू लागला तर लागू दे. काहीतरी लागेल ना!"

निघताना त्यांनी भाजलेली एक अख्खी बी माझ्या तळहातावर ठेवली. "तीन राजांच्या सणाला घरी गालेतचा केक करणार ना? मग दाणा म्हणून आत हीच लपवा. हल्ली लपवतात त्या चिनी मातीच्या बाहुल्यांनी दात पडतात लोकांचे."

रविवारी गालेत मी केली. हो, मी. आई खुर्चीवर शाल गुंडाळून बसली होती आणि तिथून हुकूम सोडत होती. "अरे, लोणी थापतोयस की भिंत सारवतोयस? हलक्या हाताने!" पापुद्रे काही तिच्यासारखे सुटले नाहीत. बदामाच्या सारणात कोको घालताना हात जरा सैल सुटला, सगळं काळंभोर झालं. बी आत दडवली आणि गालेत भट्टीत सरकवली. थोड्या वेळाने घरभर वास पसरला, तेव्हा आई बोलायची थांबली. डोळे मिटून नुसती हुंगत राहिली. किती आठवड्यांनी तिच्या चेहऱ्यावर भूक दिसली, बाळ.

मग कापायची वेळ आली. तुकडे न बघता कुठला कुणाचा ते सांगायला टेबलाखाली कोण बसणार? घरातलं सगळ्यात लहान माणूस. वीस वर्षांची घोडी झालीस तरी ती जागा तूच अडवून बसायचीस. आईने माझ्याकडे बघितलं. "दहा महिन्यांनी का होईना, तूच लहान आहेस. हो खाली."

मी गुडघे मोडून खाली शिरलो. वरून आई म्हणाली, "देवा रे, हा आता बाहेर कसा यायचा!" आणि हसली. ते हसणं खोकल्याशिवाय संपलं.

तीन तुकडे: एक तिचा, एक माझा, एक दाराशी येईल त्या गरिबाचा. वरून तिने विचारलं, "हा कुणाचा?" मी म्हणालो, तुझा. "हा?" माझा. तिसऱ्याला चाकू कशाला तरी अडला. तो आवाज मी ऐकला. "आणि हा कुणाचा?" यंदा मी गरिबाचं नाव घेतलं नाही. म्हणालो, "अपोलिनचा."

बी तुझ्या तुकड्यातून डोकावत होती. चाकू तिच्या हातात होता, नाव माझ्या तोंडात. लबाडी दोघांपैकी कुणी केली ते देव जाणे. त्याने रागवू नये एवढंच मागतो.

आईने तिचा तुकडा संपवला. सगळा. "कडू आहे," म्हणाली, आणि ताटलीतला चुरासुद्धा बोटाने टिपला. मग दाणा मिळणाऱ्याचा कागदी मुकुट तुझ्या रिकाम्या खुर्चीवर ठेवून म्हणाली, "नियम म्हणजे नियम. ज्याला दाणा, पुढची गालेत त्याने करायची. कळव तिला."

"काय कळवू?"

"दाणा तिला आला ते." तिने मुकुटाची दुमडलेली कड सरळ केली. "आणि बाकीचंही. पण रडगाणं गाऊ नकोस."

तर बाकीचं असं. तिच्या छातीत गाठ आहे. ऑक्टोबरपासून औषध चालू आहे. गुरुवारी बसायचं होतं ते त्याच्यासाठीच. फोनचा कॅमेरा बिघडलेला नाही. तिचे केस गेलेत आणि ते तू पाहू नयेस म्हणून ती काळोखात बोलते. नाताळात बर्फाने रस्ते बंद होतील, येऊ नकोस, असं तिने तुला सांगितलं होतं. बर्फ पडलंच नाही, हे वर लिहिलंच आहे. फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात ऑपरेशन. डॉक्टर आशा आहे म्हणतात. मी रोज घंटा वाजवताना तेच म्हणतो.

ये असं मी लिहीत नाही. तुझं काम आहे, समुद्र मध्ये आहे. पण अर्धा डबा कोको उरलाय, आणि पापुद्रे मला जमत नाहीत.

तुझा तुकडा कपाटात पत्र्याच्या डब्यात आहे. आजी म्हणायची, दूर गेलेल्याचा वाटा जोवर बुरसत नाही तोवर ते माणूस खुशाल असतं. आज सकाळी पाहिला. चांगला आहे.

मुकुट घडी करून सोबत ठेवलाय. टपालात चुरगळेल, पण डोक्यावर घालूनच दारात उभी राहा. टेबलाखालची जागा मी तुझ्यासाठी आनंदाने सोडतो.

तुझी वाट बघणारा,
बाबा

(खाली आईचं अक्षर आहे, थरथरतं म्हणून हसू नकोस:)
लोणी मी आणून ठेवते. – आई