खोबरं कुणी खवलं?

आई, तुला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी तुझ्याशी वाद घालायची माझी खोड गेलेली नाही. शाळेत मुलींना 'उलट बोलू नका' म्हणून दटावते आणि घरी येऊन भाकरी थापता थापता तुलाच उलट बोलते. बाबा ओसरीवरून ओरडतात, 'कुणाशी चाललंय?' मी म्हणते, 'पिठाशी.' आज मात्र कागद घेऊन बसलेय, कारण आजचं बोलणं भाकऱ्यांबरोबर संपणारं नाही. बाबा तुला जन्मभर भोळी म्हणत आले. कसली भोळी! सोलापुरातल्या आपल्या मूठभर बेने इस्रायली, म्हणजे ज्यू, घरांत तुझ्याइतकी हट्टी बाई झाली नाही, आणि हे मी ठणकावून सांगते, कारण तो मलिद्याचा दिवस मी अंथरुणातून, डोळे टक्क उघडे ठेवून पाहिलाय.

मला मुदतीचा ताप आला होता. कपाळावरच्या पट्ट्या बदलून बदलून तुझे हात गळून गेले होते, आणि एका सकाळी काकी दारात उभी राहिली, काखेत बोचकं, हातात स्वतःचा पाण्याचा तांब्या. स्टेशनापलीकडे राहायची ती. काका बाबांचा सख्खा धाकटा भाऊ, पण त्यानं हिच्याशी लग्न केलं तेव्हापासून दोघा भावांचं बोलणं बंद. का, तर ती काळ्यांतली. बाहेरच्या माणसाला हे सांगायला गेलं की हसू येतं, कारण काकी तुझ्यापेक्षा उजळ होती. कातडीचा संबंधच नव्हता. तिची आजी आपल्या लोकांतली नव्हती, एवढंच. म्हणून ते काळे आणि आपण गोरे, त्यांनी मागच्या बाजूला बसायचं, आपल्या ताटाला हात लावायचा नाही. मिलमधली फिटरची पाळी करून घरी आलेल्या बाबांनी दाराशी तिच्या चपला पाहिल्या आणि उभ्या उभ्याच विचारलं, 'हिला कुणी बोलावलं?' तू पट्टी पिळत म्हणालीस, 'तापानं.'

बाबांनी तिला घालवून दिलं नाही. पण ती आहे तोवर स्वयंपाकघरात पाऊलही टाकलं नाही त्यांनी. काकी माझी उष्टी-खरकटी काढायची, रडायला लागले की पाठीवरून हात फिरवत कोकणातल्या भुतांच्या गोष्टी सांगायची, आणि पाणी मात्र स्वतःच्या तांब्यातूनच प्यायची. कुणी हटकायच्या आधीच आपण बाजूला व्हायचं, ही तिची सवय. मला त्या तांब्याचा इतका राग यायचा! ताप उतरला त्या दिवशी तू तिच्या गळ्यात पडून रडलीस आणि म्हणालीस, 'एलियाहू हन्नाबीला मलिदा बोललेय मी. तू असल्याशिवाय व्हायचा नाही.' ती घाबरली. 'वहिनी, नका. मी आले तर लोक उठून जातील, आणि मलिदा तसाच राहिला तर पोरीवरचा नवस फिटायचा नाही.' तुझाही तसाच विश्वास होता, की एलियाहू पैगंबराला बोललेला मलिदा जमलेल्या प्रत्येकाच्या पोटात गेला पाहिजे. आणि तरीही तू तिला ठेवून घेतलंस. याला भोळेपणा म्हणतात?

तो गुरुवार मला आजही समोर दिसतो. माझं अंथरूण स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी, आणि पुढे खोलीत सतरंजी अंथरलेली आहे. मधोमध परातीत भिजवलेले पोहे, साखर, वेलची, वर ओल्या खोबऱ्याचा डोंगर, भोवतीनं केळी, खजूर, पेरू. आपल्या प्रार्थनेच्या खोलीचे मुकादम मानाच्या जागी बसलेत, त्यांच्या शेजारी बाबा, आणि तू स्वतः जाऊन आणलेला काका बाबांच्या दुसऱ्या बाजूला, मान खाली घालून. दाराशी पाटावर शेजारचे विणकर आजोबा आहेत, मी जगले ते बघायला आलेले. त्यांचं न् बाबांचंही वाकडंच होतं. आदल्या दरफालनीच्या सणाला, आपल्या दारं लावून करायच्या उपासाला, सगळ्यांनी पांढरं घालायचं, आणि आजोबांच्या ओल्या लाल सुताचे थेंब बाबांच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर पडले. सगळ्या पांढऱ्या माणसांत आपले बाबा गुलाबी! 'डोळे फुटले होते का?' असं बाबा त्या म्हाताऱ्याला बोलले, आणि तेव्हापासून एका भिंतीची दोन घरं एकमेकांना ओळख देत नव्हती.

प्रार्थना झाली, दुवा झाली. मुकादमांनी परातीकडे हात नेला आणि तसाच थांबवला. 'खोबरं कुणी खवलं?' स्वयंपाकघरातून काकीच्या बांगड्या वाजल्या, ती मागच्या दारानं निघायच्या बेतात होती. तू उंबऱ्यात येऊन सांगितलंस, 'जिनं माझी पोर राखली तिनं.' मुकादम म्हणाले, 'मग बाई, आम्ही दुवा मागितली तेवढं पुरे. खाण्याचा आग्रह धरू नका.' बाबांनी त्यांच्याकडे पाहिलं, तुझ्याकडे पाहिलं आणि नजर सतरंजीत घातली. मी अंथरुणात मुसमुसत होते. तापातून उठले ती आता पुन्हा आजारी पडणार, अशी माझी खात्रीच झाली होती.

आपल्यात प्रार्थनेनंतर हात द्यायची रीत आहे. वडीलधाऱ्यानं तळवे जोडून पुढे करायचे, दुसऱ्यानं ते आपल्या तळव्यांत घ्यायचे, मग दोघांनी बोटं ओठांना लावायची, आणि ज्याला मिळालं त्यानं पुढच्याकडे वळायचं. हे नेहमी वरून खाली येतं, मोठ्यांकडून धाकट्यांकडे, पुरुषांकडून बायकांकडे. आणि काकीपाशी यायच्या आधी कुणीतरी हटकून डोक्यावरचा पदर सारखा करत बसायची, की रीत तिथंच संपली. त्या दिवशी तू ती खालून सुरू केलीस. आत वळलीस, काकीचे खोबऱ्यानं माखलेले हात आपल्या हातांत घेतलेस, बोटं ओठांना लावलीस आणि भर पुरुषांत सतरंजीवर येऊन बाबांपुढे तळवे धरलेस.

बाबांचे हात मांडीवरून हलेनात. तू तशीच वाकून उभी. अगं, किती वेळ! तेवढ्यात दाराशी पाट सरकला. आजोबांना वाटलं, हा काहीतरी प्रसाद सगळ्यांना मिळतोय आणि आपल्याला कुणी विचारत नाही. 'अम्मा, मला बी द्या की,' म्हणत ते पुढे आले, तुझे हात आपल्या रंगानं लालजर्द झालेल्या हातांत घेतले, बोटं ओठांशी नेऊन मोठ्यानं मच्च केलं आणि तू केलं होतंस अगदी तस्सं, बाबांकडे वळून तळवे पुढे केले. त्यांना काय ठाऊक कुणाला द्यायचं न् कुणाला टाळायचं! 'घ्या की फिटरसाहेब,' ते म्हणाले. 'कापडाचं झालं गेलं. म्हातारा माणूस हाय, किती वेळ हात धरून उभा ऱ्हाऊ?'

घरी आलेल्या म्हाताऱ्याला नाही कसं म्हणतील बाबा? त्यांनी हात घेतले. घेतले आणि मग त्यांच्या ध्यानात आलं की आता पुढे द्यायचंय. उजवीकडे मुकादम, डावीकडे काका. रीतीप्रमाणे मुकादमांचा मान. बाबा डावीकडे वळले. काका नुसतं 'दादा' म्हणाला आणि बाबांचे हात सोडीचना. शेवटी तूच म्हणालीस, 'पुढे द्या, पोहे सुकतायत.' काकानं मुकादमांपुढे हात धरले. खोलीत एकटेच कोरडे उरणार हे पाहून त्यांनी तापावरची कडू कोयनेलची पुडी गिळल्यासारखं तोंड करून ते घेतले, मलिद्याचा घास घेतला आणि म्हणाले, 'वेलची जरा जास्त पडलीय.' तू आत येऊन काकीला म्हणालीस, 'ऐकलंस? नाव ठेवलं! म्हणजे खाल्लं.' मग दोघी तोंडाला पदर लावून इतक्या हसलात की मला खोकला आला.

त्यानंतरच्या थंडीत तू गेलीस. आजोबाही गेले. काकीनं मला वाढवलं, शिकवलं, नोकरीला लागताना मला दोनदा केस विंचरायला लावले. तांब्या आणायचं तिनं केव्हाच सोडलं होतं. आणि गेल्या महिन्यात ती गेली, आई. अंगणात तिला न्यायची तयारी चालली होती, तेव्हा जुन्या मुकादमांचा मुलगा आला, आता तोच मुकादम. बोलायला मऊ आहे. म्हणाला, कब्रस्तानात त्यांच्या लोकांना कुंपणाकडे ठेवतात, तिकडे जागा पाहून ठेवलीय. काका भिंतीला टेकून बसला होता, त्यानं ऐकलं की नाही कोण जाणे. मी तोंड उघडणार इतक्यात बाबा काठी टेकत उठले. 'आमच्या हिच्या शेजारी जागा मोकळी आहे. तिथं खणा.'

'पण ती तुमच्यासाठी राखलेली आहे.'

'राखली होती. आता दिली.'

'मग तुमचं कसं करायचं?'

'मी पडेन कुंपणाकडे,' बाबा म्हणाले. 'मला उघड्यावर झोप चांगली लागते.'

तिथंच खणलं. लोक मला म्हणतात, तुझे बाबा देवमाणूस, आणि मी ताठ मानेनं हो म्हणते. मी हा कागद त्यांना दाखवणार नाही आणि दुसऱ्या कुणालाही नाही, घडी करून माझ्यापाशीच ठेवीन. कारण त्या दिवशी मी अंगणात हमसून हमसून रडले, आणि सगळ्यांना वाटलं काकीसाठी. काकीसाठी मी दुसऱ्या दिवशी रडले. त्या दिवशी रडले, ते बाबा आता तुझ्याजवळ येणार नाहीत म्हणून.