कमरेवरची रेघ

आप्पा, तिला पहिला दगड लागला तेव्हा तुमच्या हातात शाईची दौत होती आणि मी तुमच्या मागे ओली चिंधी घेऊन उभी होते. निपाणीच्या दवाखान्यात तुम्ही कंपाउंडर. खरूज ओळखायची तुमची रीत साधी, फुकटात होणारी. बोटांच्या बेचक्यात शाई चोळायची आणि लगेच पुसायची. खरजेचा किडा कातडीत बीळ करतो, त्यात शाई उतरते, पुसल्यावरही केसाएवढी रेघ उरते. महारोगाला अशी रेघ नसते.

ती बाई आपल्या घरामागच्या परड्यात शेणी थापायला यायची, एरवी तंबाखूचे शेंडे खुडायची. हातावर फोड उठले तसा महारोगाचा बोभाटा झाला आणि लोकांनी तिला मळ्याच्या बांधावर गाठलं. तुम्ही धावत गेलात, तिचा हात धरून शाई चोळलीत, पुसलीत. तंबाखूच्या चिकाने तो हात आधीच डांबरासारखा.

"कुठाय रं रेघ? समदा हातच काळा हाय की," मुकादम म्हणतो. "का बाईच्या हातावर दस्तऐवज लिवायलास, कंपाउंडर?"

लोक हसतात. हसता हसताच कुणीतरी दगड उचलतो.

"खाज हाय वो आप्पा, नुसती खाज," ती म्हणते. दुसरा दगड तोंडावर बसतो. पडलेले दात ती ओंजळीत धरते. तुम्ही आडवे गेलात, तुमचं मनगट मोडलं. खुरप्याच्या दांड्यांनी हाणत तिला ओढ्यापार नेलं. चार दिवसांनी तिचं प्रेत ओढ्यातच सापडलं.

आता बेळगावहून मी मळ्यांवर खरूज तपासायला जाते. हात बघत नाही. बायकांना खोपीत नेते आणि लुगड्याच्या गाठीखाली शाई लावते, तिथे चीक पोचत नाही. "बाई, हे कुठं शिकलासा?" त्या विचारतात. कॉलेजात, असं मी सांगते.

ते खोटं आहे. दगड पडले त्याच्या आदल्या दिवशी परड्यात ती कमर खाजवत होती. तुमची दौत चोरून मी तिथे शाई लावली, पुसली, आणि रेघ उरली. आम्ही दोघी हसलो. पुरुषांपुढे कमरेचं बोलणं तिला शक्य नव्हतं. बांधावर ती माझ्याकडेच बघत होती. पण दौतीला हात लावला म्हणून तुम्ही एकदा रुळाने माझी बोटं फोडली होतीत. मी चिंधी पिळत राहिले.

तुम्ही मरेपर्यंत स्वतःच्या रीतीला दोष दिलात. मी देऊ दिला. पत्ता असता तरी हे पत्र मी धाडलं नसतं. त्या रुळाची भीती अजून वाटते.