इरल्याखालचे दाणे

तीर्थस्वरूप किशोरकाकांना दर्शनाचा साष्टांग नमस्कार.

तुमची कंबर आता बरी असेल, काकूंचा खोकला गेला असेल आणि ओम अभ्यास करत असेल, असं धरून चालते. इकडे आम्ही तिघं ठीक आहोत, फक्त कपडे वाळत नाहीत. मोबाइलची रेंज धुक्यात गेली आहे, म्हणून हे पत्र मुरारीदादाच्या हाती देते. तो उद्याच्या एसटीने पोलादपुराहून मुंबईला निघतो आहे.

काका, पदवी मिळाली तेव्हा मी मनाशी ठरवलं होतं की घरातली पहिली शिकलेली मुलगी म्हणून कुणाच्या तरी उपयोगी पडायचं. सुरुवात परसातल्या पाखरांपासून केली. (आईचं म्हणणं, घरातल्या माणसांपासून करायला काय हरकत होती?) पाण्याच्या बाटलीला भोकं पाडून तिच्यात नाचणी भरली आणि ती बाटली परसात टांगली. पण आपल्याकडचा पाऊस नुसता वरून पडत नाही, तो आडवा येतो, खालून उडतो आणि उरलेला हवेतच राहतो. नाचणी फुगली, आंबली आणि एका सकाळी बाटलीच्या प्रत्येक भोकातून हिरवे केस बाहेर आले. मी थक्क होऊन बघत राहिले. केवढासा दाणा, पण जगायची संधी सोडत नाही! आई म्हणाली, "पाखरांना मोडाची उसळ घातलीस काय गो?" हसण्यावारी नेलं, पण बुरशीचा दाणा पाखरांच्या जिवावर बेततो, हे मला ठाऊक होतं. मग बाटली काढून पसरट टोपली आणली, तिच्या बुडाला बारीक भोकं ठेवली, दाणे चुलीच्या उबेला सुकवून मूठमूठच घालू लागले आणि संध्याकाळी उरलेले काढू लागले. तरी वरचं छप्पर राहिलंच होतं.

तेव्हा मला आईचं इरलं दिसलं, पावसात लावणीला वाकताना डोक्या-पाठीवर घ्यायचं. बांबूच्या कामट्यांचं, पळसाच्या पानांनी भरलेलं. वाडीत आता सगळ्या बाया प्लॅस्टिकचा कागद पांघरतात, इरलं एकट्या आईचंच. ते मी खांबावर टोपलीच्या वर बसवलं (आईला कागद दिला, ती अजून कुरकुरते आहे). काका, बाहेर धो धो आणि आत हात घातला तर दाणे कोरडे, हातातून सळसळणारे! चार दिवसांत ठिपकेवाल्या मुनिया आल्या. एवढ्याशा, फुंकर मारली तर उडतील अशा, आणि त्या पावसाला न जुमानता आत बसून तूस काढत होत्या. मी दारात उभी राहून श्वाससुद्धा हळू घेत होते.

आता अपराध सांगते. ते इरलं खालच्या पायवाटेवरून, धुक्यातून, थेट आईसारखं दिसायचं, लावणीला वाकलेलं. आपली बनुबाई रोज सकाळी तिथून जाते. तिने आई समजून हाक मारली, "आवडे, रोपं केवढी झाली गो?" उत्तर नाही. दुसऱ्या दिवशी, "उद्या येऊ काय लावणीला?" तरी उत्तर नाही. झालं! सगळ्या वाडीत सांगत सुटली, "लेक शिकली नि आवडीचं तोंड शिवलं. मान खाली घालून उभी ऱ्हाते, पन बोलत नाय."

तुम्हाला ठाऊकच आहे, आपली लावणी सावडीवर चालते: आज ते आपल्या शेतात, उद्या आपण त्यांच्या. ठरल्या दिवशी बनुबाईच्या घरचं कुणी आलं नाही. रोपं म्हातारी व्हायला लागली, आईला झोप लागेना, पण विचारायला जाईल तर ती आपली आई कसली? "मी काय केलंय तिचं? मी नाय जायची." बाबा नुसते आभाळाकडे बघत. भात गेलं तर वर्षभर काय खायचं?

शेवटी बनुबाईलाच राहवलं नाही. धुक्यातून बांध चढून ती परसात आली, इरलं दोन्ही हातांनी धरून ओरडली, "बोल की गो, मेले!" आणि ते वर उचललं. आतून मुनियांचा थवा भर्रकन तिच्या तोंडावरून उडाला. बनुबाई मटकन चिखलात बसली. "आवडे, तुझ्या पोटातनं पाखरं निघाली गो!" तेवढ्यात खरी आई मागच्या दारातून आली. बनुबाईने तिच्याकडे बघितलं, मग खांबाकडे. "मंग मी येवढे दिस कोनाशी बोलत व्हते?" आई हसत हसत तिच्याशेजारी चिखलातच बसली. दुपारपर्यंत बनुबाईच्या घरची सगळी माणसं आपल्या शेतात वाकली होती. रोपं लागली, काका. संध्याकाळी बांधावरून बघितलं तर शेत हिरवं, ओळीत उभं!

काकूंना नमस्कार, ओमला आशीर्वाद.

तुमची,
दर्शना

ता. क. आता सावड फेडायची आहे. त्यांच्याकडून आले तेवढे हात आपल्याकडे नाहीत. आईने तुमच्या नावाने शब्द देऊन टाकला आहे. शनिवारी या.

ता. क. दुसरा. आईने नुसतं "लावणीला ये" एवढंच लिहायला सांगितलं होतं.

ता. क. तिसरा. बनुबाई म्हणते, "किशोर नाय आला तर ते इरलंच बांधावर उभं करा. कामाला दोगं सारकेच, नि इरलं उलट बोलत नाय." आईला ते पटलेलं दिसतं. इरलं गेलं तर दाणे भिजतील, काका. पाखरांसाठी तरी या.